पाकिटावरचा चार

वलवण, गुरुवार संध्याकाळ

माझ्या डेबिट कार्डावर कुणीतरी ऑनलाइन खरेदी केली होती. ते पैसे आज बँकेने परत जमा केले, नवं कार्डही दिलं. जुनं कापताना तिथल्या मुलीने कार्डाचं कागदी पाकीट पाहिलं.

"मावशी, पिन असा लिहून ठेवतात का? आधी खोडा."

लिहिला होता ह्यांनी, जायच्या आधीच्या वर्षी. खंडाळ्यातल्या बंगल्यांच्या फाटकांवर नंबर रंगवण्यात जन्म गेला, म्हणून पिनमधला चारही तसाच, खाली गाठ मारल्यासारखा. फाटकांवर आता स्टीलचे आकडे आलेत. ह्यांचा चार अजून कुठे असेल?

खोडते म्हटलं. घरी येऊन नवं कार्ड त्याच पाकिटात घातलं. पिन बदललाय. तो चार आता चोराच्या कामाचा नाही. माझ्या आहे.