पोत्याच्या जागेवर

मंगळवार, संध्याकाळ

आमच्या साइडकारवाल्या मोटारसायकलींच्या क्लबच्या पानावर आज रील टाकली. मी गाडी चालवतोय आणि साइडकारमध्ये वाळूचं पोतं. रिकामी साइडकार डाव्या वळणाला हवेत उचलली जाते, म्हणून आम्ही सगळेच पोतं ठेवतो. तर बिननावाच्या खात्यावरून कुणीतरी लिहिलं, "माणसं मिळंनात म्हणून पोती फिरवताय व्हय?"

टाळकंच सटकलं. लगेच ठोकलं, "दम असंल तर ये की बसायला!"

क्लब चालवणाऱ्या बाळूअण्णांचा फोन आलाच. "लेका, पान सभासद जोडायला काढलंय, भांडायला न्हवं! पूस ते आधी."

पुसायला गेलो तर खाली उत्तर आलेलं. "येते रविवारी. घाबरले तर हसायचं न्हाय. मी श्रुती."

श्रुती! माझ्या वर्गातली. मी कॉलेज मधेच सोडलं तेव्हापासून तिला तोंड दाखवलं नाही. रोज मनातल्या मनात जिच्याशी बोलतो, तिलाच दम दिला मी? आणि ती येणार?

अण्णांना फोन करून सांगितलं, तर म्हणाले, "मग पोतं उतरव आणि सीट पूस, गड्या."

कॉलेज का सोडलं, हे ती विचारणारच. विचारू दे. थापा मारायच्या नाहीत. रविवारी क्लबची फेरी पन्हाळ्याला आहे, तिथपर्यंतचा रस्ता तेवढं सांगायला पुरेल.