अस्वलाने ऐकलेलं कडवं

तीर्थस्वरूप किसाबुरो दादांना धाकट्या तामेजीचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा बरा असेल, वहिनींचा खोकला गेला असेल आणि कुशिरोचं धुकं आमच्या राउसूच्या धुक्याहून पातळ असेल अशी आशा करतो. इथे सगळं ठीक. पत्र लिहायला तसं कारण काही नाही.

गोष्ट अशी की, आमच्या फुसाएने येत्या जुलैत राष्ट्रीय उद्यानाच्या किनाऱ्याने थेट शिरेतोकोच्या टोकापर्यंत पायी जायचं ठरवलं आहे. सोबत तिची मैत्रीण कायोको. डांबरी रस्ता संपतो तिथून पुढे तीन मुक्काम. वाट अशी नाहीच, नुसते दगडगोटे, कडे आणि माणसांपेक्षा जास्त अस्वलं. टोकाच्या अलीकडे तो गोट्यांचा किनारा आहे, जिथे आपले वडील उन्हाळ्यात झोपडी बांधून कोंबूचं समुद्रशेवाळ वाळवायचे (वाळत तुम्ही घालायचात, मी त्यावर लोळत कविता म्हणायचो आणि मार खायचो). तो किनारा एकदा पुन्हा पायाखाली यावा, एवढीच माझी इच्छा. पण बेतात मी नव्हतो. मी घरी राहून कुत्रं सांभाळायचं होतं.

दादा, हिच्या तयारीचं काय सांगू. कुठल्या कड्याला कुठल्या ओहोटीत वळसा घालायचा, हे ती भांडी घासताना घडाघडा म्हणते. अस्वलाला उघडत नाही अशा डब्यात सगळं अन्न मावलं पाहिजे, म्हणून भात शिजवून वाळवला, आंबवलेल्या सोयाबीनच्या, मिसोच्या वड्या थापल्या, ओझं नको म्हणून ब्रशची दांडीसुद्धा कापली (ब्रश चुकून माझा निघाला. डबाही मी उघडून पाहिला, उघडेना; अस्वलांची अडचण मला पटली). मीही येतो म्हटलं, तर म्हणाली, "अहो, तुम्ही बूट चढवेपर्यंत भरती येते." कायोको म्हणाली, "येऊ दे गं. दमले तर तिथेच ठेवून येऊ, अस्वलांचीही सोय होईल."

तरी सरावाच्या फेरीला मला नेलं, ओझं वाहायला. दाट धुकं, त्यात कायोकोची घंटा ओढ्यात पडली. अस्वलाला आपली चाहूल लागत राहिली पाहिजे, म्हणून दोघी मोठमोठ्याने बोलत चालल्या. शेवटी गावातल्या सगळ्यांची उणीदुणी संपली (होय, संपली) आणि शांतता पसरली. तेवढ्यात समोरच्या बांबूच्या झुडपातून काहीतरी तपकिरी उठून उभं राहिलं. दोघी थिजल्या. माझ्या तोंडून आपसूक चौथीतली ती धुक्यात गेलेल्या होड्यांची कविता सुटली. त्याने पहिलं कडवं पुरतं ऐकलं आणि पाठ फिरवून चढाने निघून गेलं. मग फुसाए म्हणाली, "अहो, पुढचं कडवं?"

दादा, इतक्या वर्षांच्या संसारात पुढचं कडवं तिने कधी मागितलं नव्हतं. मी सुरू केलं की ती नळ सोडते. आणि नेमकं ते मला आठवेना; पहिलंच पुन्हा म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर उघड्या डब्यात माझ्या वाटच्या वड्या पडल्या होत्या. मोहिमेचा 'आवाज' म्हणून मी आता सोबत आहे. कुत्रं शेजारी राहील.

आपला आज्ञाधारक,
तामेजी

ता. क. परतीच्या वाटेवर तेच कडवं इतक्यांदा झालं की ही म्हणाली, तीन मुक्काम हेच ऐकायचं असेल तर अस्वल परवडलं. पुढची कडवी तुम्हाला पाठ होती, गुरुजी तुम्हालाच उभं करायचे. उलट टपाली पाठवा. माझा किनारा आता तुमच्या हातात आहे.

आणखी ता. क. ते अस्वल नव्हतं. आमच्या गल्लीतले कुवाता तपकिरी रेनकोट घालून बांबूचे कोंब खुडत होते. गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात भेटले तेव्हा म्हणाले, कुणी दारुडा रडतोय असं वाटलं म्हणून निघून गेलो. गळाभर गरम पाण्यात बसून त्यांच्याकडून गप्प राहायचं वचन घेतलं आहे. तुम्हीही वहिनींना सांगू नका.

किसाबुरो भाऊजी, नमस्कार. ह्यांच्या पाकिटांना तिकीट मीच लावते, एवढं हे विसरतात. कुवातांनी मला त्याच संध्याकाळी सांगितलं. वड्या मी त्यानंतर डब्यात ठेवल्या. कडवी मात्र लवकर पाठवा. त्या होड्या परत आल्या की नाही, तेवढं मला ऐकायचं आहे. — फुसाए