यादीतलं आठवं नाव

प्रिय लिओन्सियो,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, एक ओळच ती: "पोराला कितव्या नंबरवर खेळवतोस?" ना तुझ्या ओतिलिया वहिनीच्या गुडघ्याची चौकशी, ना माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनची. तिकडे परक्या मुलखात, बायामोनमध्ये लोकांचे एसी दुरुस्त करता करता माणूस बोलायचाच विसरला, असं ओतिलिया म्हणाली. मी म्हटलं, तो आधीपासून तसाच. तर सरळ उत्तर देतो. तुझा रेनिएल जानेवारीपासून माझ्या बेसबॉल संघात आठव्या नंबरवर फलंदाजी करतोय. रविवारी राजधानीतून मोठ्या क्लबचा माणूस खेळाडू बघायला येणार आहे, आणि रविवारची यादी अजून झालेली नाही. नऊ वर्षांचा असताना तू त्याला आमच्या दारात सोडून गेलास, आता अठराचा आहे, तेव्हा विचारायचा तुला हक्कच आहे.

पोरगा तुझ्यावरच गेलाय. वाईट चेंडूला बॅट म्हणून लावत नाही. चेंडू टाकणारा पिचर वैतागतो, चार चेंडू बाहेर टाकतो, आणि हा बॅट खाली ठेवून सावकाश, फुकटात मिळालेल्या पहिल्या बेसवर चालत जातो. लोक तसेच आहेत, त्यांना फटका हवा. बदामाच्या झाडाखालून ओरडतात, "अरे, फिरायलाच आलायस तर बॅट कशाला आणलीस?" तुला हेच ओरडायचे. तू निदान टोपी काढून वाकून दाखवायचास, हा नुसता हसतो.

आता आमच्या पोरीचं, इसाउराचं ऐक. ती शाळेत गणित शिकवते, हे तुला माहीतच आहे. ईस्टरच्या आधी आपले फुल्वियो न्हावी वारले. ते कारखान्याच्या संघाचे सामने ज्यात टिपून ठेवायचे, त्या सगळ्या जुन्या वह्या त्यांच्या बायकोने मला आणून दिल्या. तू खेळायचास त्या वर्षाची वहीही त्यात निघाली. फुल्वियोंची पद्धत तुला आठवत असेल. फटका मारला की लाल रेघ, बाद झाला की फुली, आणि कोणी फुकट चालत गेला तर पेन्सिलीचं एक टिंब, कारण त्यांच्या मते ती काही फलंदाजी नव्हे. मीही त्या वर्षी दर सोमवारी त्यांच्या दुकानात बसून फक्त लाल रेघा मोजायचो आणि त्यावरून क्रम लावायचो. इसाउराने चष्मा पुसला आणि टिंबं मोजली. दोन दिवस माझ्या जेवायच्या टेबलावर केळी ठेवायला जागा नव्हती.

शंभर वेळा बॅट हातात घेतलीस तर तू बेचाळीस वेळा बेसवर पोचायचास. आपला गोयो, ज्याचं नाव गावात लोकांनी आपल्या कोंबड्यांना ठेवलं, तो बत्तीस वेळा. त्याचे फटके लांब जायचे, ते खरंच, त्याला चौथ्या नंबरवर ठेवलं ते बरोबरच होतं. पण मी पहिल्या नंबरवर तोन्यितोला ठेवला होता, तो सत्तावीस. मी म्हटलं, अगं, तो वाऱ्यासारखा पळायचा. ती म्हणाली, "बाबा, पळायला आधी बेसवर पोचावं लागतं. गोयो फटका मारायचा तेव्हा पुढे होतं कोण?" कोणीच नसायचं. मग तिने मला आणखी एक हिशेब दाखवला. पहिल्या नंबरच्या माणसाला आठव्यापेक्षा जवळपास दर सामन्यात एक पाळी जास्त मिळते. चाळीस सामन्यांत तीसेक पाळ्या मी तुझ्याकडून काढून घेतल्या आणि तोन्यितोला दिल्या. अंतिम सामना आपण एका धावेने हरलो, तो उगाच नाही.

हे मला तेव्हा कळत नव्हतं, असं लिहून मोकळा झालो असतो. पण वह्या नव्हत्या तरी डोळे होते. तू आठव्या नंबरवर होतास कारण तू माझा भाऊ होतास. मी मॅनेजर झालो त्याच दिवशी डॉमिनोच्या टेबलावर कोणीतरी म्हणालं, "आता बघा, एवारिस्तो घरच्यांचंच भलं करणार." ते माझ्या इतकं जिव्हारी लागलं की मी तुझं नाव घेऊन खाली टाकलं, आणि गावाने मला सरळ माणूस म्हटलं. मला ते फार आवडलं. आईला मात्र सगळं समजायचं. रविवारी ती तुझ्या ताटात तळलेल्या सलामी सॉसेजचे दोन तुकडे जास्त वाढायची आणि माझ्याकडे बघायचीही नाही.

आता जे तुला ठाऊक नाही ते लिहितो. त्या अंतिम सामन्याला क्लबचा माणूस आला होता, तो गोयोला घेऊन गेला. तुला वाटतं, तुझ्याकडे त्याने बघितलंच नाही. त्याने बघितलं होतं. सहाव्या डावानंतर तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "आठव्या नंबरचा कोण आहे? नजर चांगली आहे त्याची." आणि मी म्हणालो, "तो होय? माझा भाऊ. संघ पुरा करायला घेतलाय." त्याने वही मिटली. सव्वीस वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही, ओतिलियालाही नाही. गेल्या गुरुवारी डॉमिनो खेळताना कोणीतरी विचारलं, "पुतण्याला खेळवतोस म्हणे?" आणि माझ्या तोंडून तेच वाक्य निघालं, संघ पुरा करायला घेतलाय. रेनिएल मागेच उभा होता. तो ग्लव्हजची पिशवी उचलून मैदानावर गेला. लिओन्सियो, मला क्षमा कर. करता आली नाही तरी मी समजून घेईन. हे पत्र लिहायला बसण्याआधी मी रविवारची यादी केली आणि वर पहिलं नाव रेनिएलचं लिहिलं. टेबलावरच्यांना काय म्हणायचं ते म्हणोत. क्लबच्या माणसाने विचारलं, पहिल्या नंबरचा कोण, तर सांगणार आहे की माझा पुतण्या आहे, आणि त्याचा बाप याच्याहून चांगला खेळायचा.

तुझाच दादा,
एवारिस्तो