अननस पिकेपर्यंत

करंजाडे, पनवेल
१६ ऑक्टोबर २०२२

चि. अनुया,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे आणि तू बरी आहेस हे कालच फोनवर कळलं, तेव्हा पत्रातले नेहमीचे दोन्ही प्रश्न निकालात निघाले. मग पत्र कशाला, असं विचारशील. फोनवर तू बोलतेस आणि मी भांडतो. कागदावर मला मध्येच कोणी तोडत नाही. भांडायला समोर कोणी नसलं की मी बरा माणूस असतो, असं तुझी आई म्हणायची.

परवा तू आणि सत्यजीत नागपूरला परत गेलात. जाताना तू मोबाइलचा चार्जर विसरलीस, तो कुरियरनं पाठवला आहे. ओट्यावर अननसाचा शेंडाही राहिला होता. तो मात्र ठेवून घेतला, कारण त्याच्यावर आपलं बोलणं झालेलं आहे. तू शिऱ्यासाठी अननस चिरत होतीस आणि चिरता चिरता म्हणालीस, "बाबा, पुरे झालं आता एकट्यानं राहणं. चला नागपूरला. कायमचे." मी तो शेंडा उचलला आणि म्हणालो, "हा लावतो. याला फळ येऊन ते पिकेल ना, त्या दिवशी येईन." तू हसलीस, दारात उभे असलेले जावईबापूही हसले. आता जावयासमोर दिलेला शब्द आहे, मागे घ्यायची सोय नाही.

माझी अडचण तुला ठाऊक आहे. आपल्या आबांनी तुझ्या आत्याच्या घरी उभ्या आयुष्यात एक रात्र काढली नाही. लेकीकडे पाहुणा म्हणून जावं, लाड करून घ्यावेत आणि पिशवी उचलून परत यावं. कायमचं राहायला जाणं म्हणजे काय? लोक काय म्हणतील ते सोड, मलाच कसंतरी होईल. तू म्हणशील, बुरसटलेले विचार. असतील. जन्म गेला माझा जासईच्या कंटेनर यार्डात. कुठला डबा कुठे ठेवायचा आणि कधी हलवायचा, हे मी सांगायचो. आता मलाच कोणी उचलून दुसरीकडे ठेवणार, हे काही पचत नाही बुवा.

शेंडा आजच कुंडीत खोचला. समोरची रोशनी डोकावून म्हणाली, "काका, ह्याला फळ यायला दोन-दोन वर्षं लागतात, माहितीय ना?" मी म्हटलं, "तेच तर पाहिजे."

जावईबापूंना नमस्कार. तिकडे ऊन उतरलं का?

तुझा,
न हलणारा,
बाबा


करंजाडे, पनवेल
२८ जानेवारी २०२३

चि. अनुया,

आशीर्वाद. आधी वाईट बातमी, म्हणजे चांगली नीट सांगता येईल. तू ठेवून गेलेला शेंडा कुजला. मी खालचा गर न काढता तसाच मातीत खोचला, वर रोज पाणी. आठवडाभरात असा वास सुटला की रोशनीच्या सासूबाईंना वाटलं, माझ्याकडे सुकट खराब झाली. तू खूश होऊ नकोस. शब्द अननसाला दिला होता, त्या एका शेंड्याला नव्हे. मी पनवेलच्या बाजारातून दुसरा अननस आणला. या वेळी शेंडा पिरगळून उपटला, खालची पानं सोलली, दोन-तीन दिवस सावलीत सुकवला आणि तुझ्या आईच्या तांब्याच्या तांब्यात पाणी भरून त्यात ठेवला, खिडकीत. मुळं फुटली! पांढरी, दोऱ्यासारखी. मी दिवसातून किती वेळा उचलून बघायचो ते विचारू नकोस.

आता गंमत ऐक. २६ तारखेला सोसायटीचा सत्यनारायण. दरवर्षीप्रमाणे ऐन वेळी एक तांब्या कमी पडला. मी खाली फेरफटका मारायला गेलो होतो. आपली किल्ली रोशनीकडे असते, तिची घाई तुझ्या परिचयाची आहेच. ती आली, खिडकीत पाण्यानं भरलेला तांब्या दिसला, वर हिरवीगार पानं. तिला वाटलं, काकांनी कलश तयारच करून ठेवलाय, किती शहाणे! उचलला आणि नेला. गुरुजींना पुढच्या पूजेची घाई. त्यांनी तो चौरंगाजवळ तांदळांवर ठेवला, गंध लावलं, हळदीकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि गंगा-यमुना-गोदावरी त्यात बोलावून मोकळे झाले.

मी हॉलमध्ये शिरलो तेव्हा कथेचा दुसरा अध्याय चालू होता आणि माझा अननस मळवट भरून बसला होता. मी ओरडलोच, "अहो, ते माझं रोप आहे!" सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. गुरुजी पोथीतून मान वर न करता म्हणाले, "असू दे. उत्तरपूजा होईपर्यंत कलश हलवायचा नाही." मग काय, मीही बसलो त्याच्याशेजारी. पहिल्यांदाच कथा शेवटपर्यंत ऐकली. तुझी आई असती तर हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं.

आता ते रोप एकट्या माझं राहिलेलं नाही. काल मोठ्या कुंडीत लावलं तर सहाव्या मजल्यापर्यंतच्या बायका बघायला आल्या. एकजण नमस्कार करून गेली. कुणालातरी तुझ्यामाझ्या पैजेची गोष्ट कळली आहे आणि आता लिफ्टमध्ये जो तो विचारतो, "मग काका, नागपूर कधी?" मी सांगतो, "अननसाला विचारा."

तूही दर रविवारी फोन ठेवताना विचारतेसच, "मग, कधी येताय?" तुलाही उत्तर तेच.

तुझा,
मुक्काम करंजाडे, कायमचा,
बाबा


करंजाडे, पनवेल
११ ऑगस्ट २०२४

चि. अनुया,

आशीर्वाद. पाऊस भरपूर, तब्येत ठणठणीत, रोप माझ्या कमरेला लागतं. पानं इतकी करकरीत की जवळून गेलो की हात ओरबाडतात. मी त्याच्याशी बोलतो, असं रोशनी सगळ्यांना सांगते. बोलत नाही. वर्तमानपत्र मोठ्यांदा वाचतो, ते त्याला ऐकू जात असेल तर माझा नाइलाज आहे.

गव्हाणची कोमल आठवते ना, मासळी घेऊन येते ती? तिला या रोपाचा भारी राग. "काका, फळ नाय, फूल नाय, नुसती पानाच हायत! काढून टाका, त्या जागी कढीपत्ता लावा." मी तिच्याशी बोंबलांवरून घासाघीस करतो, उगाचच. भाव तिचा रास्त असतो. पण ती घासाघीस करायला लागली की दहा-पंधरा मिनिटं दारात बसते, सुनेच्या तक्रारी सांगते, चहा घेते. मग मी तिच्याच भावानं बोंबील घेतो. परवा ती म्हणाली, "काका, तुमी बोंबील घेता का गप्पा घेता?" बेरकी बाई आहे.

तू हल्ली विचारत नाहीस ते बरं झालं. मागच्या दिवाळीत मी फोनवर म्हणालो होतो ना, हा विषय आता बंद, तेव्हापासून तू एकदाही विचारलं नाहीस. रविवारचा फोन येतो, सगळं विचारतेस, गोळ्या घेतल्या का, गुडघा कसा आहे, आणि मग "बरं बाबा, ठेवते." बरंच झालं. माझा त्रास वाचला. लहानपणी एक गोष्ट ऐकली नाहीस माझी, आणि नेमकी हीच ऐकलीस.

अननसाला गेल्या आठवड्यात प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती, आता काढली. कशासाठी, ते विचारू नकोस. थंडी वाजत होती असं समज. आणि हो, हल्ली मी सफरचंदं आणतो. स्वतःसाठी नाही. ते असो.

परवा चहा टाकताना चुकून दोन कप पाणी ठेवलं. दोन्ही प्यायलो. वाया कशाला घालवायचा?

सत्यजीतला बढती मिळाली हे तू सांगितलंसच. त्याला म्हणावं, सासऱ्यानं पाठ थोपटली आहे असं समज. समक्ष थोपटायची तर

असो. शाई संपत आली.

तुझा,
मुक्काम करंजाडे, तूर्तास,
बाबा


करंजाडे, पनवेल
६ मे २०२५

चि. अनुया,

आशीर्वाद. अननस पिकला.

बघ, मी ते पहिल्याच ओळीत लिहून टाकलं. आणखी दोन ओळी इकडच्या-तिकडच्या लिहिल्या असत्या तर पुन्हा विषय टाळला असता.

तुला फोटो पाठवला नाही, मुद्दाम. दिवाळीच्या सुमारास रोपाच्या पोटात लाल ठिपका दिसला. मग त्याचा तुरा झाला, त्यावर जांभळी फुलं आली, इवलीइवली, एका दिवसात मिटणारी. अख्खी सोसायटी बघून गेली. रोशनीच्या सासूबाई म्हणाल्या, "हिचं डोहाळजेवण करायला हवं," आणि खरोखर हिरव्या बांगड्या आणून पानांत अडकवल्या! ज्याच्या कपाळी सत्यनारायणात मळवट भरला, त्याचं हेही व्हायचंच. फळ मोठं नाही, माझ्या दोन मुठींएवढं आहे. पण पिवळं धमक झालंय आणि घरभर वास सुटलाय, पार लिफ्टपर्यंत. कोमल आज म्हणाली, "काका, आता कापा. आठ-दहा दिसांत नाय कापलंत तर मुंग्या खातील."

मी अजून कापलेलं नाही.

आता त्या पिशवीचं सांगतो. रोप लहान होतं तेव्हाच रोशनीनं मोबाइलवर दाखवलं होतं, की पिकलेल्या सफरचंदाच्या फोडी अननसाच्या बुडाशी ठेवून वर पिशवी बांधली की त्याला लवकर फूल येतं. मी तिला म्हणालो होतो, "मला कसली घाई? उलट उशिरा येऊ दे." आणि गेल्या ऑगस्टमध्ये मीच बाजारात जाऊन सफरचंदं आणली, चांगली रसरशीत, आणि दार लावून घेऊन फोडी केल्या. एकदा नाही, दोनदा. पहिल्या वेळी फोडींना मुंग्या लागल्या, म्हणून पुन्हा. मी, ज्यानं हे रोप जागचं न हलण्यासाठी लावलं होतं!

अनुया, मला इथे करमत नाही गं. विषय बंद म्हणालो त्या दिवाळीपासून तू विचारायची थांबलीस आणि दर रविवारी "बरं बाबा, ठेवते" झालं की मी फोन कानालाच धरून बसायचो. वाटायचं, आता विचारेल. मी "नाही" म्हणायचो खरा, पण ते "नाही" म्हणण्यासाठी आठवडाभर थांबायचो. तू विचारत होतीस तोवर मला वाटायचं, कुणीतरी आपल्याला नेणार आहे, आपणच जात नाही आहोत. ते बंद झालं आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं.

आणि आबांचं म्हणशील, तर गेल्या आठवड्यात तुझ्या आत्याला फोन केला. म्हटलं, "आबा तुझ्याकडे कधी राहिले नाहीत, तुला काय वाटायचं गं?" मला वाटलं, ती म्हणेल, तशीच रीत होती. पण ती म्हणाली, "दादा, ते यायचे ना, तेव्हा मी दरवेळी ओसरीवर अंथरूण काढून ठेवायचे. धुतलेली चादर, उशी. आणि ते शेवटच्या एसटीनं निघून जायचे. मग मी घडी घालून परत ठेवायचे." एवढंच बोलली. मी इतकी वर्षं आबांचा केवढा अभिमान बाळगला, आणि त्या अंथरुणाबद्दल मला काही माहीतच नव्हतं.

तुझ्या घरी मागच्या खोलीत एक पलंग आहे, हे मला जावईबापूंनी कधीच सांगितलंय. त्यावर तू कपडे वाळत घालत नाहीस, हेही त्यांनीच सांगितलं.

तर माझा हिशेब असा आहे. रोपाच्या बुडाशी पिल्लं फुटली आहेत. फळ दिलं की मूळ रोप थकत जातं, पण पिल्लं वाढतात. एक रोशनीला देतोय. दुसरं कोमलनं आधीच मागून ठेवलंय, "आमच्या अंगनात लावीन, बघू गव्हाणची माती काय म्हणते." म्हणजे कढीपत्त्याचा विषय संपला. फ्लॅट बंद राहील, किल्ली रोशनीकडे. फक्त सत्यनारायणाला माझ्या खिडकीतलं काही उचलायचं नाही, एवढी अट घातली आहे. फळ मात्र इथे कापणार नाही. तुझ्या ओट्यावर, तुझ्या सुरीनं, तूच काप. शिरा कर. आणि शेंडा टाकू नकोस, तो मी तुमच्या गॅलरीत लावणार. संत्र्यांच्या गावात अननस लावणाऱ्या वेड्या म्हाताऱ्याची लेक म्हणून तुझं नाव होईल, तयारी ठेव. त्या शेंड्याला फळ आलं म्हणजे त्याचाही शेंडा निघेल, मग तोही लावावा लागेल. तेव्हा परत कधी जाणार, हे मला तिथे विचारू नका.

मे महिन्यात नागपूरला राहायला येणारा माणूस एकतर डोक्यानं अधू असतो, नाहीतर बाप असतो. छत्री घेतली आहे. आईचा तांब्या घेतला आहे. रिकामी टोपलीही घेतली आहे, फळ मांडीवर घेऊन येईन, बॅगेत चेंगरेल.

आता एकच काम तुझं. हे पत्र स्पीडपोस्टानं टाकतोय, रविवारच्या आत पोचेल. मी आपणहून फोन करून "येतो" म्हणणार नाही. माझ्यानं होणार नाही ते, तेवढा म्हाताऱ्याचा हट्ट चालवून घे. रविवारी फोन ठेवायच्या आधी ते जुनं वाक्य पुन्हा एकदा म्हण. पत्र मिळालंय असं मला दाखवू नकोस. नेहमीसारखं, सहज विचार, "मग बाबा, कधी येताय?"

पण विसरू नकोस, बाळा. फळ काही पुढच्या रविवारपर्यंत थांबायचं नाही.

तुझा,
बॅग भरून बसलेला,
बाबा