बाहीच्या मागचा मजकूर

दि. ४ मार्च

ती. ताईस, सा. न.

आधी खाली बस, मग वाच. माझ्या हृदयाची एक नस आकसली आहे. येत्या बारा तारखेला मनगटातून बारीक नळी घालून ती उघडणार आहेत. सकाळी आत, संध्याकाळी घरी! विजारीची दुमड उसवावी तितकंच काम. मुक्काम करायला सांगितलं असतं तर मी साफ नकार दिला असता. तुझी वहिनी त्याच दवाखान्यातून परत आली नाही, तेव्हापासून तिथल्या खाटेवर एक रात्रही काढायची नाही असं ठरवलंय.

तू येऊ नकोस, तुझे गुडघे आधीच कुरकुरतात. तुझ्या नातीच्या झग्यासाठी बाहीच्या आकाराचा कागद कापून पाठवतोय.

लोभ करावा, पण घरी बसून.

तुझा धाकटा

दि. ७ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

बाही उलटी केली, तर मागे दवाखान्याच्या सूचना! हाताला लागेल त्या कागदावर बेतायची तुझी खोड कधी जाणार? खांद्याच्या गोलाईपाशी स्पष्ट छापलंय की त्या रात्री घरात जबाबदार माणूस असेल तरच त्याच दिवशी सोडू. तुझ्या घरात तुझ्याशिवाय आहे कोण? शिलाई मशीन? थाप मारणार होतास ना?

वहिनीच्या वेळी मी उशिरा पोचले, ते अजून सलतं. या वेळी आदल्या दिवशीच येतेय, गुडघ्यांसकट.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई

दि. २० मार्च

ती. ताईस, सा. न.

सुखरूप पोचलीस, बरं वाटलं. काल टाके घालायला बसलो, मनगट मुळीच दुखलं नाही. त्या दिवशी परिचारिकेने घरी सोबत कोण असं विचारलं आणि तू पिशवीतून ती बाही काढून तिच्यापुढे ठेवलीस, ते आठवून अजून हसू येतं. तीही हसली, पण सही तुझीच घेतली.

एक सांगायचं राहिलं. संध्याकाळी दाराचं कुलूप तू काढलंस, तेव्हा मी जरा मागे थांबलो होतो. दम लागला म्हणालो, ते खोटं. त्या दवाखान्यातून या घरी कुणीतरी परत आलं होतं, म्हणून रडू आलं.

झग्याची कॉलर राहिली होती, तिचा कागद सोबत आहे. मागे पुढच्या तपासणीची तारीख छापली आहे. या वेळी मुद्दाम त्याच कागदावर बेतली.

लोभ करावा, पण इथे येऊन.

तुझा धाकटा