नमस्कार केला आणि गैरहजर ठरले

फुनाबोरी, तोक्यो

तीर्थस्वरूप आईंना सूनबाई चारुताचा साष्टांग नमस्कार (कागदावरचाच बरा, प्रत्यक्ष केलेला केवढ्याला पडला ते पुढे सांगते).

गुडघा कसा आहे? पाठवलेलं तेल कपाटात शोभेला ठेवू नका, लावा. इथे सगळं ठीक. संजीव तोयोसुच्या ऑफिसात, राधिका शाळेत आणि मी कचरा वेगळा करण्यात (आज प्लॅस्टिकचा वार).

तुम्ही मागे लागून अर्ज भरायला लावलेल्या एम.ए.चा पेपर गेल्या महिन्यात घरूनच दिला. पर्यवेक्षक म्हणजे लॅपटॉपचा कॅमेरा. तो आधी चेहरा ओळखतो आणि मग पेपर संपेपर्यंत नजर हलवत नाही (सासू परवडली!). लग्नानंतर प्रत्येक परीक्षेला तुम्ही माझ्या हातावर दही-साखर घातलीत. म्हणून मी कोंबिनीतून (कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून) दही आणलं आणि राधिकाला म्हटलं, आजी घालते तसं घाल. ती चमचा घेऊन आली नेमकी पेपर सुरू झाल्यावर. खोलीत दुसरी व्यक्ती, पहिली ताकीद. मी घाईने तळहात चाटला. खाण्यास मनाई, दुसरी ताकीद. घाबरून देवाचं नाव घेत टेबलावर डोकं टेकवलं आणि जरा जास्तच वेळ टेकवलं, कारण डोळे भरून आले होते. वर बघते तर पेपर बंद आणि पडद्यावर शेरा: परीक्षार्थी गैरहजर. नमस्कार न करणारीला आपल्याकडे उद्धट म्हणतात, इथे करणारीला गैरहजर. राधिका म्हणाली, "मामा, दाइज्योबु?" (मामा म्हणजे मीच, इथे आईला तसं म्हणतात; ठीक आहेस ना, असं विचारत होती.) मी मात्र मराठीतच रडले.

संजीव म्हणतो, "अगं, दह्यावाचून दे की पेपर!" त्याला काय सांगू? दह्यासाठी कोण रडतं, आई? पेपरच्या दिवशी मी जिना उतरून जाईपर्यंत तुम्ही दारात उभ्या असायचात. इथे आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत आलं की परीक्षा. तुमची फार आठवण येते. 'मुलाच्या संसारात अडचण नको' म्हणून तुम्ही दोनदा तिकीट रद्द केलंत, ते मला अजून लागून राहिलं आहे.

तुमची,
चारुता

ता. क. फेरपरीक्षा आहे. खोलीत दुसरं कोणी चालत नाही, पण स्वयंपाकघराबद्दल नियमांत एक अक्षर नाही. तुम्ही तिथे बसायचं.

आणखी एक ता. क. तुम्ही संजीवला तारीख विचारालच, म्हणून आधीच खरं सांगते. फेरपरीक्षा कालच झाली आणि पेपर सोपा गेला. तुमच्यावाचून इथे काही अडलेलं नाही. तरी या.