चिंगीची जंगलाची वही

दि. ९ नोव्हेंबर

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझं पत्र चिंगीच्या सुट्टीआधी आलं होतं, आता तिची शाळासुद्धा सुरू झाली असेल. रोज लिहायला बसतो आणि काहीतरी निघतं. कधी पेन चालत नाही, कधी चष्मा सापडत नाही. तुझी सासू म्हणते, चष्मा डोक्यावर आहे, अक्कल शोधा.

इकडे सगळं ठीक. तिचे गुडघे तसेच आहेत, तोंडही तसंच आहे. माझं पोट अधूनमधून दुखतं. डॉक्टर म्हणतात काही नाही, पण काही नसतं तर दुखलं कशाला असतं? तुमच्याकडे थंडी पडली असेल. चिंगीचे कान झाकल्याशिवाय तिला बाहेर सोडू नकोस. रात्री गॅस बंद केलास का ते बघत जा. तू बघतेस, मला माहीत आहे, तरी लिहितो.

चिंगीने फोनवर हट्ट धरला होता, "आजोबा, आपल्या जंगलाच्या सहलीची वही करा. तुमची कात्री चांगली आहे." आता गणवेशाच्या कारखान्यात जन्म कापड कापण्यात गेला, कात्री चांगली असणारच. जाड कागदाची मोठी वही आणली, फोटोंच्या प्रती काढून आणल्या. पहिला फोटो डिंकाने चिकटवला तर त्याला सुरकुत्या पडल्या. मग सरळ सुई-दोरा घेतला आणि प्रत्येक फोटोला चारी कोपऱ्यांवर कच्चे टाके घातले. तुझी सासू म्हणाली, "आता काजं-बटणंही करा, म्हणजे थंडीत घालता येईल."

वही छान झाली आहे. उद्यानाच्या दारावरची तिकिटं शिवली, घड्या पडलेला नकाशा शिवला. हरणाच्या फोटोत नुसती शेपटी आली होती, उरलेलं हरीण चिंगीने चित्र काढून पाठवलं, तेही जोडलं. तळ्याकाठच्या मनोऱ्यावर तुम्ही तिघे हात हलवताय, तो फोटो मी खालून काढलेला, म्हणून तिरका आहे. वर चढायचा धीर झाला नाही. एक झाडाचं पानही शिवलं आहे. आतलं काही न्यायचं नाही असं रखवालदाराने बजावलं होतं, म्हणून सांगतो, ते पेट्रोल पंपामागच्या झाडाचं आहे. कुणी विचारलं तर तसं सांग.

आता त्या एका फोटोबद्दल लिहितो. गेला आठवडा त्याच्यासाठीच पत्र अडलं होतं.

तळ्यावरून परतताना तुम्हा दोघांचं पुढच्या सीटवर काय चाललं होतं, ते तुला माहीत आहे, पुन्हा लिहीत नाही. गाडी थांबली, तू उतरलीस आणि सरळ रस्त्याने चालू लागलीस. तिथे गाडीतून उतरायला मनाई होती. झाडीतून काय येईल सांगता येत नव्हतं. चिंगीने विचारलं, "आजोबा, आई कुठे चालली?" मी म्हणालो, "पक्षी बघायला. गाडीचा आवाज ऐकून उडतात ना ते." तिला पटलं. तिने बापाला दटावलं, "बाबा, हळू चालवा." आणि माझा फोन घेऊन पुढच्या काचेतून तुझा फोटो काढला. पाठमोरी तू, दोन्ही बाजूंना झाडी, रिकामा रस्ता.

वळणावर तू परत गाडीत बसलीस. तिने विचारलं, "दिसला?" तू म्हणालीस, "दिसला. निळा होता." मी काहीच सांगितलं नव्हतं, तरी तू सांभाळून घेतलंस. मागे बसून मी मनात म्हटलं, ही पोर आपल्या घरात टिकायला हवी.

चिंगीला त्या सगळ्या सहलीत तोच दिवस जास्त आवडला. दर फोनला सांगायची, आईचं पक्ष्याचं पान विसरू नका. म्हणून मी तो फोटो मधोमध शिवला आणि खाली लिहिलं, आई पक्षी बघते आहे.

मागच्या आठवड्यात आमच्या चिरंजीवांनी वही चाळायला घेतली. हरणाच्या शेपटीला हसला. मला बरं वाटलं, बऱ्याच दिवसांनी हसला होता. मग त्या पानावर थांबला.

"हा फोटो कुठून आला?"

"माझ्या बंद पडलेल्या फोनमधला. तो बंद पडायच्या आधीच प्रत काढून ठेवली होती. चिंगीने काढलाय."

"आणि खाली हे काय लिहिलंय? पक्षी?"

"मग काय लिहू? तू सांग, तसं लिहितो."

त्याने माझीच कात्री उचलली आणि चारी टाके कापले. डिंकाने चिकटवला असता तर निघताना फाटला तरी असता. माझ्या टाक्यांमुळे अख्खा निघाला.

"वकिलाला हवाय," म्हणाला. "पोरीला गाडीत टाकून जंगलात निघून गेली. चिंगी माझ्याकडे यायला हवी हे कोर्टाला पटवायला आणखी काय लागतं?"

"ती आपणहून नाही रे उतरली."

"तुम्ही मागे झोपला होतात, अप्पा."

सूनबाई, मी झोपलो नव्हतो. त्याने गाडी थांबवली. "उतर, आत्ताच्या आत्ता उतर," असं तो तुला दबक्या आवाजात म्हणाला आणि हात लांब करून तुझ्या बाजूचं दार त्यानेच उघडलं. मी ऐकलं आणि पाहिलं. चिंगी खिडकीला नाक लावून बसली होती, तिला कळलं नाही.

तुझी सासू गुडघ्यांमुळे सहलीला आली नव्हती. तिला म्हटलं, "त्या दिवशी गाडीत काय झालं ते सांगू का?" तर म्हणाली, "नको. सांगितलंत तर मला माहीत होईल." मग भांडी घासता घासता म्हणाली, "त्याच्या घरात राहतो आपण. या वयात कुठे जायचंय?" तिचंही खोटं नाही. आज सकाळी मात्र पाकीट आणि तिकीट तिनेच आणून टेबलावर ठेवलं.

तो वाईट नाही गं. माझा मुलगा आहे. राग आला तरी तो जेवला का, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण चिंगी अशा रीतीने इथे आली तर मी तिच्या तोंडाकडे कसं बघू? तिने वही उघडली आणि विचारलं, तो फोटो कुठे गेला, तर काय सांगू?

म्हणून तुझ्या वकिलाला सांग, सासरा गाडीत होता आणि जागा होता. कुठे यायचं, कुठला कागद आणायचा, विचारून घे. मला मोठ्या माणसांसमोर बोलता येत नाही, घाम फुटतो, शब्द मागेपुढे होतात. त्यांनी उलटसुलट विचारलं तर गडबडेन, अशी धास्ती आहे. पण जेवढं ऐकलं तेवढं सांगेन. त्याच्यासमोर सांगावं लागलं तरी सांगेन. नंतर घरात काय होईल त्याचा विचार करतो आणि उठून पाणी पितो.

त्याने मला पाठवलंय असं तुला वाटेल, हीसुद्धा भीती आहे. तसं नाही.

पुढच्या महिन्यात तारीख आहे म्हणे. घरच्या फोनवर करू नकोस. पाकिटामागे कोपऱ्यावरच्या शिंप्याचा पत्ता लिहिला आहे, तो माझा कारखान्यातला सोबती, पत्र माझ्याच हातात देईल. मी रोज तिकडे चक्कर मारतो, तो आताच वैतागलाय. मोठं लिहायला वेळ नसेल तर नुसतं "या" लिही, मी निघेन. नको असेन तर तेही लिही, पण लवकर कळव. गप्प राहू नकोस.

तुझ्या मुलीचा आजोबा,
आणि तू अजून म्हणत असशील तर तुझाही
अप्पा